पट्टा-करवतीवर काम करताना घ्यावयाची काळजी

पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्तान अँटिबायोटिक्सचा कारखाना स्थापन झाला आणि १९६२ साली महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ अस्तित्वात आले. त्यानंतर पुणे जिल्ह्याच्या या भागात कारखानदारी चिंचवड व भोसरी ओलांडून खेड तालुक्यातील चाकणपर्यंत वाढत गेली. महाळुंगे, निघोजे, खालुंब्रे, कुरुळी, नाणेकरवाडी या गावांच्या शिवारात कांद्या-बटाट्याच्या रानालगत आज मोटारींचे व त्यांच्या सुट्या भागांचे कारखाने उभे आहेत. या कारखान्यांत येणारा पुष्कळसा माल लाकडी पेट्यांतून व पॅलेटवर येतो, आणि बाहेर जाणारा मालही तसाच बांधून जातो. त्यामुळे लाकूड कापून पेट्या ठोकणाऱ्या लहान लहान कार्यशाळा पत्र्याच्या शेडमध्ये निघाल्या. ज्या कुटुंबांची जमीन गेली अथवा थोडी उरली, त्यांतील तरुण या शेडमध्ये कामास जातात. काहींनी स्वतःच शेड घातली आहे. वापरून टाकलेल्या पेट्यांचे लाकूड विकत घेऊन त्यापासून गव्हाणी, कांदाचाळीच्या फळ्या, कोंबड्यांची खुराडी, खोरे-कुदळीचे दांडे अशी शेतकऱ्याच्या उपयोगाची कामेही तेथे होतात.

अशा शेडमध्ये जे यंत्र बहुधा आढळते, ते म्हणजे बँडसॉ अथवा पट्टा-करवत. गावात ज्याच्या हाताने सकाळी म्हशीची धार निघते, कांद्याची रोपे लागतात, विळा चालतो, तोच हात दुपारी या करवतीसमोर असतो. अंगठा किंवा दोन बोटे गमावलेल्या माणसास कार्यशाळेतील काम सोडून शेतीकडे परतणेही कठीण जाते. म्हणून हा विषय केवळ सुतारांचा व कारखान्यांचा न समजता गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी आपला समजावा. मोठ्या कारखान्यांत सुरक्षा अधिकारी असतो. चार-पाच माणसांच्या शेडला कारखान्यांचा कायदा सहसा लागू होत नाही आणि तेथे निरीक्षकही फिरकत नाही. तेथे सांगणारा कोणी असेल तर तो गावातलाच असतो.

यंत्राची रचना

एकाखाली एक अशी दोन मोठी चाके आणि त्यांवरून विहिरीच्या रहाटावरील माळेप्रमाणे फिरणारा पोलादी दातांचा अखंड पट्टा, अशी या करवतीची साधी रचना आहे. खालचे चाक मोटर फिरविते. वरचे चाक पट्ट्यास ताण देते, व त्याचा कल थोडा बदलून पट्टा चाकाच्या मध्यावर आणता येतो. दोन चाकांच्या मध्ये टेबल असते आणि टेबलातील फटीतून पट्टा सतत वरून खाली जात असतो. ही कल्पना जुनी आहे. इंग्लंडमध्ये विल्यम न्यूबेरी यांनी १८०८ साली तिचे पेटंट घेतले होते. परंतु पट्ट्याचा सांधा टिकत नसे. १८४६ साली फ्रान्समधील आन पोलिन क्रेपँ या बाईंनी पट्टा जोडण्याच्या रीतीचे पेटंट घेतले आणि त्यानंतर हे यंत्र खऱ्या अर्थाने उपयोगात आले. सांधा हे या करवतीचे मर्मस्थान आजही आहे, ते पुढे दिसेलच.

गोल करवतीच्या मानाने ही करवत शांत असते. गोल करवत प्रसंगी लाकूड कारागिराच्या अंगावर उलट फेकते. पट्टा-करवतीचे दात लाकडास खाली टेबलाकडे दाबतात, त्यामुळे तसे सहसा होत नाही. याच गुणामुळे कारागीर तिला निरुपद्रवी समजतो व बोटे पात्याच्या जवळ नेतो. प्रत्यक्षात १८ इंच व्यासाचे चाक मिनिटास सुमारे ६४० फेरे घेत असेल, तर पाते मिनिटास ९०० मीटरपेक्षा अधिक, म्हणजे सेकंदास सुमारे १५ मीटर धावते. पात्यास इंचाला चार दात असतील तर एका सेकंदात दोन हजारांहून अधिक दात एका ठिकाणावरून जातात. बोट लागल्यावर हात मागे घेऊ, ही कल्पना येथे व्यर्थ आहे. इतक्या वेगात दात वेगळे दिसतच नाहीत. नजरेस पडते ती एक स्थिर, चकचकीत पट्टी.

हात कोठे असावेत

लाकडावर पात्याच्या सरळ समोर एक रेषा ओढली आहे, असे मनाशी धरावे. या रेषेवर हात कधीही ठेवू नये. दोन्ही हात रेषेच्या दोन बाजूंस, पात्यापासून निदान चार बोटे दूर असावेत. लाकडात गाठ असली की करवत अडते व कारागीर जोर लावतो. गाठ संपताच लाकूड एकदम मऊ लागते आणि जोरात असलेला हात पुढे जातो. हात रेषेच्या बाजूला असेल तर तो टेबलावर घसरेल; रेषेवर असेल तर पात्यात जाईल. हाच प्रकार काप संपताना, शेवटच्या एक-दोन इंचांत घडतो. तोपर्यंत काम सुरळीत झालेले असते, लक्ष पुढच्या फळीकडे गेलेले असते, व अंगठा फळीच्या मागच्या कडेवर, नेमका रेषेवर असतो. यास्तव काप संपत आला की वेग कमी करावा आणि शेवटचा भाग लाकडी काठीने पुढे ढकलावा. एका टोकास खाच पाडलेली हातभर लांबीची काठी यासाठी पुरते. ती टेबलालगत दोरीने टांगून ठेवावी. शोधावी लागणारी काठी कोणी वापरीत नाही.

लहान तुकडे हाताने धरून कापण्याचा मोह फार असतो. चाकाची पाचर, दांड्याचा खुंटा अशा वस्तू मोठ्या फळीतूनच कापून काढाव्यात. आधी तुकडा करून मग त्यास आकार देऊ नये. कापलेले तुकडे पात्याजवळ पडून राहतात, ते बोटाने बाजूस सारणे हे तर अपघातास बोलावणेच होय.

पात्याच्या वरच्या भागास आवरण असते, त्यास गार्ड म्हणतात. त्याखालीच पात्यास दोन्ही बाजूंनी सावरणारा गाइड असतो. हे दोन्ही वर-खाली करता येतात. लाकडाची जाडी पाहून गाइड लाकडाच्या वर पाव इंचावर, म्हणजे सुमारे ६ मिलिमीटरवर आणून घट्ट करावा. शेडमध्ये जाऊन पाहिले तर सकाळी सहा इंचांचा ओंडका कापताना वर नेलेला गाइड एक इंचाची फळी कापतानाही संध्याकाळपर्यंत तसाच राहिलेला आढळतो. मग पाच इंच उघडे पाते बोटांसमोर नाचत राहते, शिवाय आधार नसल्याने काप वाकडा जातो तो निराळाच. गाइड खाली घेण्यास अर्धे मिनिट लागते. कार्यकर्त्याने शेडमध्ये पाय ठेवताच प्रथम हीच एक गोष्ट पाहावी. बाकीची शिस्त तेथे कितपत असेल, हे त्यावरून कळते.

गोल लाकूड

शेतकऱ्याच्या कामात चौकोनी फळीपेक्षा गोल लाकूड अधिक येते. बाभळीचा दांडा, निलगिरीची बल्ली, बांबू ही सर्व गोलच असतात. अशा लाकडास आडवा काप देताना त्याचा टेबलास एका रेषेतच स्पर्श होतो. दात खाली ओढू लागले की लाकूड गरकन फिरते, धरणारा हात त्याबरोबर पात्याकडे ओढला जातो व पातेही पिळवटून तुटते. जाड फळीत इंग्रजी व्ही अक्षरासारखी खाच पाडून तिच्यात गोल लाकूड घट्ट बसवावे आणि खाचेसह पुढे सारावे. ओबडधोबड फांदी उभी चिरावयाची असेल तर आधी वाकसाने तिची एक बाजू सपाट करून घ्यावी. ओल्या बाभळीचा लांब काप मागून मिटतो व पाते आवळले जाते. अशा वेळी यंत्र बंद करावे, पाते पूर्ण थांबू द्यावे, मागील फटीत लाकडी पाचर ठोकावी व मग पुढे जावे. ओंडके चिरण्याची आरागिरणी चालविणे हा व्यवसाय वेगळा असून त्यास वन विभागाचा परवाना लागतो, हेही येथे सांगणे योग्य होईल.

जुन्या पेट्यांचे लाकूड

चाकण भागातील विशेष धोका जुन्या लाकडात आहे. पॅलेटमध्ये पीळदार खिळे मारलेले असतात. ते उपटताना डोके तुटून येते व अर्धा खिळा आत राहतो. वरून लाकूड गुळगुळीत दिसते. धावणाऱ्या पात्याचा दात त्या खिळ्यावर बसला की दात उडतात, खिळ्याचा तुकडा डोळ्याकडे येऊ शकतो, आणि कित्येकदा पाते जागीच तुटते. म्हणून जुने लाकूड टेबलावर ठेवण्यापूर्वी तारेच्या ब्रशने घासावे, प्रकाशात दोन्ही अंगांनी पाहावे व लोहचुंबक फिरवून घ्यावे. मोडक्या स्पीकरमधील चुंबकही या कामी चालतो. ज्या ठिकाणी लाकडास काळसर निळा डाग असेल, तेथे आत लोखंड आहे असेच समजावे. संशय राहिल्यास तेवढा भाग हातकरवतीने कापून टाकावा. चष्म्याच्या काचा वाऱ्यापुरत्या असतात. डोळ्यांच्या बाजूही झाकणारा गॉगलच वापरावा.

या लाकडाविषयी आणखी एक सूचना. परदेशी जाणाऱ्या-येणाऱ्या पेट्यांवर कीड मारण्याच्या प्रक्रियेचा शिक्का असतो. त्यात एच टी ही इंग्रजी अक्षरे असल्यास ते लाकूड गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला ३० मिनिटे तापविलेले असते. एम बी ही अक्षरे असल्यास मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेली असते. दुसऱ्या प्रकारचे लाकूड चुलीत जाळू नये व गव्हाणीस वापरू नये.

पाते बसविणे व त्याची निगा

पाते बदलताना केवळ बटण बंद करून भागत नाही. मुख्य स्विच खाली करावा व फ्यूज काढून खिशात ठेवावा. दातांचे तोंड खाली, टेबलाकडे असले पाहिजे. नवे पाते बसविल्यावर वरचे चाक हाताने फिरवून पट्टा मध्यावर चालतो की नाही ते पाहावे, मग दरवाजे लावावेत, आणि त्यानंतरच वीज द्यावी. गाइडमागील बेअरिंग मोकळ्या पात्यास टेकू नये. लाकूड पुढे सारल्यावरच ते टेकले पाहिजे. काम संपल्यावर ताण सैल करावा, त्याने पाते व चाकांवरील रबर दोन्ही टिकतात. गुंडाळलेले पाते बांधणीतून सुटताच स्प्रिंगसारखे उसळते. म्हणून ते उघडताना चामड्याचे हातमोजे घालावेत व चेहरा दूर ठेवावा. चालू यंत्रावर मात्र हातमोजे नकोत. मोज्याचा एक धागा दातात अडकला तरी बोट त्यामागून जाते.

वळणाचा आकार कापावयाचा असल्यास पात्याची रुंदी पाहावी. अर्धा इंच रुंदीच्या पात्याने सुमारे अडीच इंच त्रिज्येपर्यंतचे वळण घेता येते, पाव इंची पात्याने पाऊण इंचाच्या आसपास. याहून लहान वळण जबरदस्तीने घेतल्यास पाते तुटते. त्याऐवजी कडेकडून आखलेल्या रेषेपर्यंत आधीच आडवे छेद देऊन ठेवावेत, म्हणजे टाकाऊ तुकडे गळून पडतात व पाते मोकळे राहते. लांब कापातून लाकूड मागे ओढण्याची वेळ आली तर आधी यंत्र बंद करावे. चालू यंत्रात मागे ओढलेले लाकूड पट्टा चाकावरून उतरविते.

चालता चालता टिकटिक असा ठरावीक आवाज येऊ लागला तर तो बहुधा सांध्याजवळ गेलेल्या तड्याचा असतो. ‘हा एवढा काप उरकून घेऊ’ असे म्हणू नये. यंत्र बंद करून बाजूस व्हावे. पाते तुटल्यास ते बहुधा कारागिराच्या उजव्या अंगास फेकले जाते, म्हणून त्या बाजूस मदतनीस अथवा मुले उभी राहू देऊ नयेत. तुटल्याचा आवाज झाला तरी दोन्ही चाके थांबेपर्यंत दरवाजा उघडू नये.

वीज

विजेच्या बाबतीत शेतकऱ्याची पंपावरील एक सवय करवतीवर घातक ठरते. वीज केव्हा येईल याचा नेम नसल्याने विहिरीवरील मोटरच्या स्टार्टरला ऑटो बसविलेला असतो; वीज येताच पंप आपोआप सुरू होतो. करवतीस असा ऑटो कदापि बसवू नये. काम चालू असता वीज जाते, कारागीर पात्याजवळचा भुसा हाताने काढू लागतो, आणि त्याच क्षणी वीज परत येते. वीज गेल्यावर आपोआप सुटणारा व पुन्हा हिरवे बटण दाबल्याखेरीज न लागणारा स्टार्टर करवतीस असलाच पाहिजे. साध्या चाकू-स्विचवर चालणारी करवत, मग ती कितीही स्वस्तात मिळो, घेऊ नये. वीज गेली तर प्रथम लाल बटण दाबावे, मग बाकीचे.

दुसरी गोष्ट फेजची. लाइनचे वा रोहित्राचे काम झाल्यावर फेज बदलून पंप उलटा फिरतो व पाणी कमी फेकतो, हे शेतकऱ्यास ठाऊक आहे. करवतीच्या तीन फेज मोटरचे तसेच होते, पण येथे पाणी कमी येऊन भागत नाही. दात खालून वर धावू लागतात व लाकूड उचलून फेकतात. म्हणून अशा दुरुस्तीनंतर लाकूड न लावता क्षणभर मोटर फिरवून दिशा पाहावी. अर्थिंगची तार घट्ट आहे की नाही, तेही त्याच वेळी पाहून घ्यावे.

बटण बंद केल्यावरही जड चाके मिनिटभर, कधी त्याहून अधिक वेळ फिरत राहतात. मोटरचा आवाज थांबलेला असतो आणि पाते स्थिर भासते. टेबल झाडणे, गाइड हलविणे, तुकडा काढणे ही कामे लोक नेमकी याच वेळी करतात. थांबण्याची घाई म्हणून पात्यावर लाकूड दाबून ते रोखण्याचीही रीत काही ठिकाणी आहे. ती सोडून द्यावी. पाते थांबले याची खात्री चाकाकडे पाहून करावी, पात्याकडे पाहून नव्हे.

लोखंड कापण्याच्या पट्टा-करवती भोसरी-चाकणच्या फॅब्रिकेशन शेडमध्ये असतात. त्यांचे पाते मिनिटाला शंभर मीटरच्या आत चालते. लाकडाच्या करवतीवर अँगल वा पाइप कापून पाहण्याचा प्रयोग करू नये. तिचा वेग जवळजवळ दहापट असतो. लोखंडाच्या करवतीवरही पातळ पाइपास बारीक दातांचे पाते लागते. निदान तीन दात एका वेळी धातूवर असले पाहिजेत, नाही तर दात पाइपाच्या कडेत अडकून उडतात.

करवतीवर कोणी काम करावे

लेंग्याची सैल नाडी, खांद्यावरचा टॉवेल, मनगटातील गंडा-दोरा व कडे, स्त्रियांच्या बाबतीत पदर, ओढणी व मोकळी वेणी, ही सर्व आवरून अथवा काढून मगच यंत्राजवळ जावे. पायांत चपला नकोत, बूट हवेत. शाळकरी मुलास ‘जरा फळी धर’ म्हणून हाक मारू नये. कारखान्यातील रात्रपाळी करून आलेला तरुण दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या शेडमध्ये करवत चालवितो, असे या भागात वारंवार दिसते. त्याला झोप मिळाल्याशिवाय यंत्रास हात लावू देऊ नये, मग ऑर्डर किती का निकडीची असेना. शेडचा मालक बहुधा वडील किंवा काकाच असतो. त्यांनी सांगितले तर तो ऐकेल.

लाकडाचा भुसा निरुपद्रवी नाही. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ साली लाकडाची धूळ कर्करोगकारक ठरविली. नाका-तोंडास चांगला मास्क लावावा, शेड मोकळ्या हवेची असावी, व साचलेला भुसा रोज संध्याकाळी काढावा. तो मोटरवर साचला तर पेटतोही. करवतीजवळ विडी ओढू देऊ नये.

अपघात झाल्यास

प्रथम यंत्र बंद करावे. जखमेवर स्वच्छ कापड ठेवून घट्ट दाबून धरावे व हात छातीपेक्षा उंच ठेवावा. रक्त थांबले का हे पाहण्यासाठी कापड वारंवार उचलू नये. हळद, चुना, तंबाखू, राख यांपैकी काहीही जखमेत भरू नये. रक्त थांबल्यासारखे वाटते, परंतु पुढे शस्त्रक्रिया करणाऱ्याचे काम अवघड होते व जखम चिघळते. बोट तुटून वेगळे झाले असल्यास ते भुशातून शोधून काढावे, स्वच्छ पाण्याने हलकेच धुवावे, ओलसर स्वच्छ फडक्यात गुंडाळून प्लास्टिकच्या पिशवीत बंद करावे व ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवावी. बोट प्रत्यक्ष बर्फावर ठेवू नये, त्याने ते निकामी होते. जखमी माणसास खाण्यापिण्यास काही देऊ नये, कारण भूल द्यावी लागण्याचा संभव असतो. त्याने स्वतः मोटारसायकल चालवीत जाऊ नये. १०८ या क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी, आणि तुटलेले बोट जोडण्याची शस्त्रक्रिया कोठे होते ते फोनवरच विचारून सरळ तेथे न्यावे. दोन दवाखाने फिरण्यात मोलाचा वेळ जातो. सोबत जाणाऱ्याने अपघात किती वाजता झाला ते कागदावर लिहून न्यावे व डॉक्टरांना सांगावे.